सोमवारचा नेम
नव्या पेशांची ओळख : भाग 6

गेल्या आठवड्यात आपण यूट्यूबच्या पैशाचं गणित पाहिलं. लांब व्हिडिओवर लागणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नातला 55 टक्के वाटा व्हिडिओ करणाऱ्याचा आणि बाकीचा कंपनीचा. हा वाटा सुरू व्हायला किमान 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास पाहिलं जाणं, ही 2018 पासूनची अट. पैसा कुठून येतो ते त्यातून कळतं, पण हे काम करणारा माणूस जगतो कसा, हे काही कळत नाही. आठवड्याचे सात दिवस तो करतो काय? हा पेशा किती वर्षं झेपतो? आणि थांबायची वेळ आली, तर थांबायचं कसं? असल्या प्रश्नांना सरासरीतून उत्तर मिळत नाही. म्हणून या वेळी एकाच माणसाची वाटचाल नीट पाहू. त्याचं नाव टॉम स्कॉट.

स्कॉटचा जन्म 1984 चा, इंग्लंडमधल्या मॅन्सफील्डचा. यॉर्क विद्यापीठात तो भाषाशास्त्र शिकला. 2004 मध्ये ब्रिटिश सरकारनं आपत्कालीन तयारीची माहिती देणारी एक वेबसाइट काढली. विद्यार्थी असलेल्या स्कॉटनं हुबेहूब तशीच दिसणारी विडंबनाची वेबसाइट तयार केली. मुडदे उठून चालून आले तर काय करावं, असल्या सूचना तिच्यावर होत्या. सरकारी कार्यालयानं ती काढून टाकायला सांगितलं. यानं नकार दिला. पुढे समुद्री चाच्याचा वेष करून गंमत म्हणून विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षपदाला उभा राहिला आणि 2008 मध्ये चक्क निवडून आला. मग ते पद त्यानं वर्षभर सांभाळलंही. 2012 मध्ये स्काय वाहिनीवर ‘गॅजेट गीक्स’ नावाच्या मालिकेत तो दिसला, पण टीव्हीवर त्याचं बस्तान काही बसलं नाही.

या सगळ्या काळात त्याचं यूट्यूबवरचं खातं चालूच होतं. ते उघडलं होतं 2006 मध्ये. आठवड्याचा नेम मात्र सुरू झाला 1 जानेवारी 2014 पासून. मधली आठ वर्षं जमेल तेव्हा, सुचेल तसं चाललं होतं. रातोरात मोठ्या झालेल्या यूट्यूबरच्या गोष्टी आपण फार ऐकतो. बहुतेकांच्या बाबतीत ती रात्र अशीच काही वर्षांची असते.

2014 पासून त्यानं ठरवलं, आठवड्याला किमान एक व्हिडिओ. हळूहळू वार आणि वेळही पक्की झाली : सोमवार, ब्रिटनच्या घड्याळात दुपारचे चार. आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि उन्हाळ्यात साडेआठ, कारण ब्रिटनमध्ये घड्याळं वर्षातून दोनदा मागेपुढे करतात. (कम्प्युटरफाइल या चॅनलसाठी त्यानं 2013 मध्ये याच वेळेच्या घोळावर एक व्हिडिओ केला होता. निरनिराळ्या देशांच्या वेळा हिशोबात धरून प्रोग्राम लिहायला बसलेल्या माणसाची कशी त्रेधा उडते, ते त्यात पाहावं. प्रोग्रामरांमध्ये तो व्हिडिओ आजही आवडीनं पाहिला जातो.) हा नेम त्यानं दहा वर्षं पाळला. पाचशेहून अधिक आठवडे. सणवार असो, आजारपण असो, मधेच टाळेबंदी लागो, त्याचा आठवडा चुकला नाही.

या पेशाचं खरं भांडवल हा नेम आहे, असं माझं मत आहे. व्ह्यूज कमीजास्त होतात आणि त्यांवर आपला ताबा नसतो. यूट्यूबची शिफारस यंत्रणा 2012 मध्ये क्लिकच्या संख्येकडून वॉचटाइमकडे, म्हणजे लोक किती वेळ पाहतात त्याकडे वळली, तेव्हा अनेकांचा हिशोब एका फटक्यात बदलला. त्यानंतरही नियम बदलतच राहिले. अशा पायाखाली हलणाऱ्या जमिनीवर व्हिडिओ करणाऱ्याच्या हातात दोनच गोष्टी उरतात : काय दाखवायचं आणि कधी दाखवायचं. ‘कधी’ ठरून गेलं की प्रेक्षकाची सवय जुळते, आणि तेवढी तरी यंत्रणेच्या लहरीवर पूर्णपणे अवलंबून राहत नाही.

आता ‘काय’कडे वळू. त्याचा एक व्हिडिओ जवळून पाहण्यासारखा आहे. यॉर्कशरमध्ये बोल्टन ॲबीजवळ वार्फ नावाची नदी आहे. वरच्या अंगाला चांगली रुंद असलेली ही नदी एके ठिकाणी खडकांच्या अरुंद घळीत शिरते. त्या जागेला स्ट्रिड म्हणतात. वरून पाहिलं तर उडी मारून पलीकडे जाता येईल असा ओढा वाटतो. पण नदीची सगळी रुंदी तिथं जणू उभी होऊन खोल गेलेली असते. खाली पोखरलेल्या कपारी आणि भोवरे असतात. पडलेला माणूस वर येत नाही, अशी त्या जागेची ख्याती आहे. या जागेवर स्कॉटनं केलेला व्हिडिओ अगदी छोटा आहे. अंगात त्याचा नेहमीचा लाल टी-शर्ट, मागे पाणी, पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. कॅमेऱ्याकडे पाहून तो सरळ बोलतो. बोलणं पाठ केलेलं असतं, पण पाठ केल्यासारखं वाटत नाही. ओढा दाखवतो, तो धोकादायक का ते सांगतो, आणि संपवतो.

त्या काही मिनिटांमागे काय काय असतं, त्याचा विचार करा. जागा शोधणं, परवानगी काढणं, वाचन करणं, जाणकाराशी बोलून आपली समजूत बरोबर आहे ना ते पाहणं, स्क्रिप्ट लिहून ती अर्ध्यावर आणणं, प्रवास, पाऊस लागला तर थांबणं, शूट, एडिटिंग, थंबनेल, शीर्षक आणि माणसानं तपासलेली सबटायटल्स. पुढच्या वर्षांत त्याला मदतीला माणसं मिळाली. अवघड विषयावर तो स्वतः मागे सरून तिथल्या इंजिनिअरला किंवा संशोधकाला बोलू देऊ लागला. तरी विषय काय घ्यायचा आणि काय गाळायचं, याची जबाबदारी त्याचीच राहिली. आणि हे सगळं संपतं तेव्हा पुढचा सोमवार सात दिवसांवर असतो.

आपल्याकडे पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात गोटे गरगरत राहिले आणि त्यांनी काळ्या कातळात रांजण कोरले. ते कसे झाले हे पात्राच्या काठावर उभं राहून चार मिनिटांत, पाल्हाळ न लावता मराठीत सांगणं हेही तितक्याच मेहनतीचं आणि तितक्याच तोलाचं काम आहे. विषय शोधायला परदेशी जायची गरज नाही.

पैशाच्या बाबतीत त्यानं घेतलेले दोन निर्णय मला महत्त्वाचे वाटतात. पहिला लांबीचा. व्हिडिओच्या मधोमध जाहिरात लावायची तर 2020 च्या मध्यापर्यंत व्हिडिओ किमान 10 मिनिटांचा असावा लागे. नंतर ही मर्यादा 8 मिनिटांवर आली. म्हणून सहा मिनिटांचा विषय ताणून दहा-अकरा मिनिटांवर नेणारे व्हिडिओ सगळ्याच भाषांत दिसू लागले. तुम्हीही ते पाहिले असतील : मुद्दा येता येत नाही, ‘पुढे सांगतोच’ म्हणत माणूस घोळवत राहतो. स्कॉटचे बरेच व्हिडिओ चार ते सहा मिनिटांत संपत. विषयाला जेवढी जागा लागते तेवढीच तो देई, आणि मधल्या जाहिरातीचे पैसे सोडून देई. उलट विषयानं मागणी केली तेव्हा, 2020 मध्ये, कॉपीराइटच्या कायद्यावर त्यानं चाळीस मिनिटांहून मोठा व्हिडिओही केला.

दुसरा निर्णय प्रायोजकांबाबतचा. 2019 मध्ये यूट्यूबवर व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक आपल्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) विकणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींचा सुळसुळाट झाला होता. ‘आमची सेवा घेतली नाही तर हॅकर तुमचा पासवर्ड पळवतील’, असा त्यांचा एकंदर सूर. स्कॉटनं या विषयावर एक व्हिडिओ केला आणि शीर्षकात प्रायोजकाच्या नावाच्या जागी काळी पट्टी मारली. त्यात त्यानं साध्या शब्दांत समजावलं : ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह दिसतं तेव्हा तुमचा पासवर्ड आधीच सांकेतिक रूपात जात असतो. व्हीपीएन घेतल्यानं तुमच्या इंटरनेट कंपनीवरचा विश्वास तुम्ही उचलून व्हीपीएनच्या कंपनीवर ठेवता, एवढंच. व्हीपीएनचे खरे उपयोगही त्यानं सांगितले, पण जे खोटं होतं त्याला खोटं म्हटलं. ज्या धंद्यातून आपल्याला पैसे मिळू शकतात, त्याच धंद्याबद्दल लाखो लोकांसमोर असं बोलायला हिंमत लागते. प्रेक्षकांचा विश्वास जाहिरातीच्या एका हप्त्यापेक्षा मोठा आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि मला त्याचं हे वागणं मनापासून आवडतं.

त्याच वर्षी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यानं व्याख्यान दिलं. विषय होता : सत्य ओळखणारी गणिती यंत्रणा अस्तित्वात नाही. शिफारस करणारी यंत्रणा लोक काय पाहत राहतात ते मोजते. खरं काय ते तिला कळत नाही. मग खरं सांगायची जबाबदारी बोलणाऱ्यावरच येते. या पेशात उतरू पाहणाऱ्या प्रत्येकानं ते व्याख्यान एकदा बसून पूर्ण पाहावं.

त्याच्या कामात खेळकरपणाही भरपूर होता. 2018 मध्ये त्यानं सहकाऱ्यांबरोबर लसूण लावलेला पाव फुग्याला बांधून वातावरणाच्या वरच्या थरापर्यंत पाठवला आणि परत आलेला पाव खाल्ला. 2020 चा आणखी एक व्हिडिओ असा, की त्याला किती व्ह्यूज मिळाले तो आकडा त्याच्या शीर्षकातच दिसे आणि काही मिनिटांनी आपोआप बदले. एक छोटा प्रोग्राम यूट्यूबकडून आकडा मागवून घेई आणि शीर्षक पुन्हा लिही. पण त्याच व्हिडिओत तो सांगतो, की हे कधीतरी बंद पडणार, कारण दुसऱ्याच्या यंत्रणेवर उभारलेली कुठलीच गोष्ट कायम टिकत नाही. स्वतःच्या पेशाबद्दल इतकं स्वच्छ बोलणारे थोडे.

1 जानेवारी 2024 ला, बरोबर दहा वर्षांनी, त्यानं हा साप्ताहिक क्रम थांबवला. तेव्हा चॅनलचे सबस्क्रायबर साठ लाखांच्या वर होते. उतरती कळा लागली नव्हती, कसला वादही झाला नव्हता. निरोपाच्या व्हिडिओत त्यानं सांगितलं की तो दमला आहे. स्वप्नातलं काम मिळालं तरी ते कामच असतं, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. आपण निवृत्त होत नाही, हेही त्यानं स्पष्ट केलं. ‘लॅटरल’ हा त्याचा कोड्यांचा पॉडकास्ट आणि त्याचं साप्ताहिक ईपत्र चालू राहिलं. त्यानं फक्त सोमवारच्या व्हिडिओचं ओझं खाली ठेवलं.

चॅनल मोठं झालं की हे ओझं कसं पेलायचं, हा प्रश्न प्रत्येकापुढे येतो, आणि त्याची उत्तरं वेगवेगळी असतात. 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘भाडिपा’ या मराठी चॅनलनं संस्थेचा मार्ग धरला : लेखक, दिग्दर्शक, नट अशी मंडळी जमवली, म्हणजे सगळा भार एकाच चेहऱ्यावर येत नाही. ठाण्याच्या प्राजक्ता कोळीनं 2015 मध्ये चॅनल सुरू केलं आणि तिथून ती वेबमालिका आणि सिनेमाकडे गेली. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी सत्तरीच्या सुमारास नातवाच्या मदतीनं ‘आपली आजी’ चॅनल सुरू केलं. 2020 मध्ये ते हॅक झालं आणि काही दिवसांनी परत मिळालं. घरच्या चुलीवरच्या पदार्थांवर उभं राहिलेलं काम एका पासवर्डवर अडलं, यात या पेशाचा सगळा ठिसूळपणा दिसतो. या तिन्ही वाटांमध्ये कमीअधिक करण्यासारखं काही नाही. पण ‘मी एवढंच करीन आणि इथं थांबीन’ ही चौथी वाट आपल्याकडे कुणी बोलूनच दाखवत नाही. थांबला म्हणजे हरला, असं आपण धरून चालतो.

हा समज मला घातक वाटतो. इथं रजा मंजूर करणारा साहेब नसतो, निवृत्तीचं वय नसतं, आणि व्हिडिओ टाकला नाही तर आकडे घसरतील ही भीती मात्र चोवीस तास सोबत असते. कामाला सीमा घालणारं बाहेरचं कुणी नाही, त्यामुळे ती सीमा स्वतःच घालावी लागते. पालकांना मी एवढंच सांगीन : मुलगा किंवा मुलगी ‘मला यूट्यूबर व्हायचंय’ म्हणाली तर हसण्यावारी नेऊ नका आणि घाबरूही नका. तिला दोन प्रश्न विचारा. आठवड्याला किती तास देणार? आणि सुट्टी कधी घेणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल, तर कॅमेरा विकत घेण्याआधी ते शोधायला लावा.

पुढच्या भागात कॅमेऱ्यासमोर कधीच न येणाऱ्या माणसाबद्दल, म्हणजे व्हिडिओ एडिटरबद्दल लिहीन. मराठी चॅनलसाठी एडिटिंग करणारे कुणी वाचक असतील, तर कामाचे तास, मोबदला आणि नाव दिलं जातं की नाही, याबद्दल येत्या बुधवारपर्यंत जरूर कळवा.