ब्रेकचे नवे शू आणि घाटाची उतरण

मालवणच्या किनाऱ्याहून निघालेली मोटर सावंतवाडी मागें टाकून आंबोलीचा घाट चढूं लागते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर उंच आहे. जितकें चढावें तितकेंच परततांना उतरावें लागतें, आणि त्या उतरणीवर ब्रेकची खरी परीक्षा होते. म्हणून ब्रेकचे शू नुकतेच बदलले, आतां काळजी नाहीं, अशा समजुतीनें घाटाकडे निघणें शहाणपणाचें नव्हे. नवा शू आरंभीं कमीच धरतो. तेव्हां नवेपणा कोणता आणि जोडणींतील दोष कोणता, हें ओळखतां आलें पाहिजे.

ड्रम ब्रेकची रचना सोपी आहे. लुई रेनॉ या फ्रेंच कारखानदारानें १९०२ सालीं ती प्रचारांत आणली. चाकाबरोबर लोखंडी ड्रम फिरतो. पेडल दाबतांच आंतील दोन अर्धचंद्राकृति शू फांकतात आणि त्यांवरील लायनिंग ड्रमला आंतून घासतें. हल्लीं पुष्कळ लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांस डिस्क असते व ड्रम मागेंच उरला आहे. तरी हँडब्रेक बहुधा त्याच ड्रमांत काम करतो.

जुना ड्रम झिजून किंचित् मोठा झालेला असतो. नव्या शूचा बांक त्यास पुरता जुळत नाहीं. थोडाच भाग टेकतो. मोकळ्या, सपाट रस्त्यावर मधूनमधून थंड होऊं देत हलकेच ब्रेक लावीत गेल्यास लायनिंग घासून सर्वांगानें टेकूं लागतें. हा नवेपणा रोज थोडा थोडा कमी होतो. जें उणेपण तसेंच राहतें किंवा वाढतें, तो दोष समजावा.

पेडल फार खोल जात असेल, तर शू ड्रमपासून दूर राहिले आहेत. अ‍ॅडजस्टर फिरवून ते जवळ आणावे. पेडल मऊ लागत असेल, तर नळींत हवा शिरली आहे. ती काढलीच पाहिजे. गाडी एका अंगास ओढत असेल, तर एखाद्या लायनिंगास ग्रीस किंवा ब्रेक ऑईल लागलें असावें, अथवा एकाच चाकाचे शू बदलले असावेत. तेल प्यालेलें लायनिंग पुसून भागत नाहीं. आधीं गळती बंद करावी आणि मग दोन्ही बाजूंचे शू एकदमच नवे घालावे. एकच चाक इतरांहून अधिक तापत असेल, तर शू मागें येत नाहीं. स्प्रिंग चुकीची बसली आहे किंवा हँडब्रेकची तार फार ताणली आहे. खरखर ऐकूं आल्यास ड्रमच्या कडेस झिजून उरलेली धार पाहावी.

किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याची आणि पावसाची भर पडते. हँडब्रेक ओढून अनेक दिवस उभ्या ठेवलेल्या गाडीचे शू गंजलेल्या ड्रमला चिकटतात. सपाट जागीं गाडी गिअरमध्यें ठेवून चाकांस लांकडी ठोकळे लावणें बरें. ड्रम उघडल्यावर आंतील भुकटी मात्र फुंकूं नये. जुन्या लायनिंगांत अ‍ॅसबेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. ती ओल्या फडक्यानें पुसावी.

घाटांत सतत पेडल दाबून ठेवल्यास उष्णतेनें ड्रम फुगून शूपासून दूर सरतो, लायनिंगाची पकड सुटते आणि पेडल खालीं खालीं जाऊं लागतें. थोड्याच भागावर टेकणारा नवा शू तर लवकर तापतो. यास्तव सपाटीवर पुरी खात्री झाल्याखेरीज घाटाची वाट धरूं नये. आणि धरल्यावर, ज्या गिअरनें घाट चढला, त्याच गिअरनें तो उतरावा.