नदीची वही लिहायलाही पैसा लागतो



यंदाच्या गट सभांत आम्ही हवामान बदलाच्या संशोधनासाठी निधीचा विषय काढला, तेव्हा नदीकाठच्या एका ज्येष्ठ सभासदांनी तिथल्या तिथं विचारलं, "सायब, पाऊस काय आपल्या पैशानं थांबणार हाय व्हय? मग बिलातनं कपात कशाला?" सभा हसली. पण प्रश्न रास्त आहे आणि त्याला दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी आपली नदी बघू. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावून सुमारे १,४०० किलोमीटर वाहते. खोरं जवळपास २ लाख ५९ हजार चौरस किलोमीटरचं, त्यातलं चौथाईपेक्षा थोडं जास्त महाराष्ट्रात. उगमाला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तिथून दीडशे किलोमीटरवर आटपाडीच्या माळावर पाचशेचीही खात्री नाही. हे पूर्वीपासून असंच आहे. बदललं ते पावसाचं वागणं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी न्यावं लागलं. पुढं तीनच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. २००५ चा पूर म्हणजे शेवटची हद्द, असं धरून ज्यांनी घरं आणि मोटारी वर घेतल्या होत्या, त्यांच्या घरात २०१९ ला पाणी शिरलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच.

आता उसाचं काय होतं ते सांगतो, कारण आमचं खातं तेच. आडसाली लागण आपण १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान करतो, आणि हे पूर आले तेही त्याच सुमारास. नवी लागण असेल तर डोळे कुजतात, सरीत गाळ बसतो, बेण्याचा खर्च पाण्यात. उभ्या उसाचं गणित वेगळं. शेंडा पाण्याबाहेर राहिला तर ऊस बराचसा तगतो. शेंडा बुडून पोंग्यात गाळ बसला की वाढ संपली. मग बाजूचे डोळे फुटून पांगशा येतात, कांड्यांना मुळ्या सुटतात, आतून ऊस पोकळ पडतो आणि उतारा घसरतो. अशा वेळी सभासद आम्हाला विचारतात, "किती दिवस पाण्यात राहिला तर ठेवायचा, आणि कधी लवकर तोडायचा?" कोणती जात, किती महिन्यांचा ऊस, वाहतं पाणी की साचलेलं, प्रत्येकाचं उत्तर निराळं. आज ते बरंचसं अनुभवावर दिलं जातं. पक्कं उत्तर पाहिजे तर मुद्दाम पाणी साठवून, जातवार, वयवार प्लॉट ठेवावे लागतात, आणि एका हंगामात त्याचा निकाल लागत नाही. को ८६०३२ या आपल्या हुकमी जातीला क्रमांक मिळाला १९८६ साली आणि महाराष्ट्रात शिफारस झाली १९९६ साली. दहा वर्षं मजूर, प्रयोगशाळा, पगार हे कुणीतरी सोसलंच ना!

पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ साली निघालं. कालव्याखालच्या जमिनी पाणथळ आणि खारवट होत चालल्या होत्या, ऊस बसत होता. त्या अडचणीपायी त्या वेळच्या केंद्रीय कृषी संशोधन परिषदेनं पैसा घातला. आजची अडचण त्याहून मोठी आहे.

दुसरा दाखला पाणीवाटपाचा. बच्छावत लवादानं कृष्णेचं २,०६० टीएमसी पाणी वाटलं, त्यातलं ५६० आपलं. हा आकडा आला विजयवाड्याच्या १८९४-९५ ते १९७१-७२ अशा ७८ वर्षांच्या नोंदींवरून. रोज पाण्याची पातळी टिपणारा कुणी माणूस होता, त्याला पगार मिळत होता, म्हणून तीन राज्यांचा हिशेब झाला. मधली वीस वर्षं पैसे नाहीत म्हणून वही बंद पडली असती तर?

आज यंत्रं नाहीत असं नाही. कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी पूर अंदाजाची तात्काळ नोंद यंत्रणा बसवली गेली. महावेधची स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळवार आहेत. महाबळेश्वरला २०१२ पासून ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. २०१९ च्या पुरानंतर वडनेरे समितीही नेमली गेली. पण आमचं मत असं की, यंत्र घ्यायला योजना मिळते, ते वीस वर्षं चालवायला मिळत नाही. योजना तीन-पाच वर्षांत संपते. बॅटरी बदलायची कुणी? एके ठिकाणी पर्जन्यमापकावर शेवग्याची फांदी झुकलेली आम्ही पाहिली. पाऊस कमी मोजला जाणार नाही तर काय! शिवाय एका मंडळात दहा-पंधरा गावं, आणि हल्ली एका शिवारात ढग फुटतो तर शेजारच्या गावात धूळ उडते.

२०१९ च्या पुरानंतर राज्यानं केंद्राकडं ६,८१३ कोटी रुपये मागितले, त्यातले ४,७०८ कोटी कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांसाठी. ही मदत आवश्यकच होती. पण एका पुराचा हिशेब एवढा, तर पूर-दुष्काळाच्या अभ्यासासाठी कायमचा निधी का नसावा?

खोऱ्याचं संशोधन एका कारखान्याच्या आवाक्यातलं नाही. ते केंद्रानं आणि तिन्ही-चारी राज्यांनी मिळून चालवावं. त्यासाठी खोऱ्यातल्या सर्व कारखान्यांनी, कर्नाटकातल्यासुद्धा, एकत्र मागणी करावी. आपल्यापुरता प्रस्ताव लहान आहे: टनामागं ५० पैसे. शंभर टन घालणाऱ्याचे पन्नास रुपये. दहा लाख टन गाळप झालं तर पाच लाख जमतील. त्यातून गावोगाव पर्जन्यमापक, नोंद ठेवणाऱ्याला मानधन आणि विद्यापीठाच्या सल्ल्यानं बुडीत उसाचा एक प्लॉट. हिशेब दरवर्षी या अंकात छापू. माळावरचे सभासद म्हणतील, पूर त्यांचा, पैसे आमचे का? तर टेंभू, ताकारी, म्हैसाळचं पाणी याच नदीतून उचललं जातं. पाऊस हुकला की पहिलं आवर्तन तुमचं लांबतं.

ठराव वार्षिक सभेपुढे येईल. विरोधात बोलायचं असेल त्यांनीही जरूर बोलावं. पर्जन्यमापकासाठी दहा बाय दहा फूट जागा देऊ शकणाऱ्यांनी गट कार्यालयात नावं द्यावीत. जागा झाडा-घरापासून मोकळी असावी, आणि रोज सकाळी साडेआठला आकडा टिपणारं माणूस घरात असावं. शाळेत जाणारी मुलगी असली तर उत्तमच, वही स्वच्छ राहते.