वसईतल्या अटी, मुंतिनलुपातली माफी

मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला, तेव्हा चिमाजी अप्पांच्या फौजेकडे सूड घ्यायला कारणे भरपूर होती. १५३४ पासून हा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. देवळांची पाडापाड, धर्मांतराची सक्ती आणि इन्क्विझिशनचा जाच यांनी रयत गांजली होती. अणजूरचे गंगाजी नाईक कितीतरी वर्षे पेशव्यांकडे दाद मागत होते. वेढ्यात मराठ्यांची हजारो माणसे पडली. असे असूनही शरणागतीच्या अटींत सूड कुठे दिसत नाही. शिबंदीने हत्यारांसह, निशाणे फडकवत, ढोल वाजवत किल्ल्याबाहेर पडावे. कुटुंबांनी चीजवस्तू सोबत न्यावी. त्यासाठी आठ दिवसांची मुदत. आणि जे ख्रिस्ती मागे राहतील, त्यांना आपली उपासना चालू ठेवता येईल.

या शेवटच्या अटीला मी सर्वांत जास्त मोल देतो. हरलेली राजवट आणि तिच्याच धर्माची स्थानिक माणसे यांचा हिशेब तिने वेगळा केला. वाडवळ, सामवेदी, कोळी ख्रिस्ती हे इथल्याच मातीतले. लिस्बनच्या राजाचे पाप त्यांच्या माथी मारले असते, तर शेजार कायमचा तुटला असता. यावर कोणी म्हणेल, यात औदार्य कसले? पावसाळा तोंडावर होता, नादिरशहा दिल्लीत घुसला होता, पेशव्यांना फौज उत्तरेत हवी होती. हे सारे खरे आहे. विजयाच्या खुणा म्हणून चर्चच्या घंटाही काढून नेल्या गेल्या. त्यांतली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आजही टांगलेली आहे आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. पण समेट निखळ मनानेच व्हावा, ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. गरजेपोटी दिलेला शब्दही पाळला गेला, की त्याच्या आडोशाने माणसे जगू शकतात. युरोपीय पाद्री निघून गेले, कितीतरी चर्चे ओस पडली, तरी वसईचा ख्रिस्ती समाज आपल्या गावांत टिकला.

विसाव्या शतकात हाच प्रश्न फिलिपिन्समध्ये आणखी बोचरा होऊन उभा राहिला. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत एल्पिदियो किरिनो यांची पत्नी आणि तीन मुले जपानी सैनिकांच्या हातून मारली गेली. पुढे किरिनो राष्ट्राध्यक्ष झाले. मुंतिनलुपाच्या तुरुंगातल्या शंभरावर जपानी युद्धगुन्हेगारांचे भवितव्य आता त्यांच्या सहीवर होते. जुलै १९५३ मध्ये त्यांनी काहींना माफी दिली, तर फाशीची शिक्षा झालेल्यांना जन्मठेपेवर आणून जपानला पाठवले. जे लोक उद्या आपले मित्र होऊ शकतील, त्यांच्याविषयीचा द्वेष मुलांना वारशात द्यायचा नाही, असे कारण त्यांनी दिले. जपानशी नुकसानभरपाईचा करार झाला तो त्यानंतर, १९५६ मध्ये.

ज्यांची माणसे गेली, त्यांच्यावर ही माफी अन्याय नाही का? हा आक्षेप सहज झटकता येणार नाही. मात्र मनिलात खटले चालले होते, साक्षी झाल्या होत्या, काहींना फासावरही चढवले होते. गुन्हा शाबीत झाल्यावरची माफी गुन्हा पुसत नाही. वसईत ही पायरीच झाली नाही. इन्क्विझिशनचा जाब कोणालाही द्यावा लागला नाही, म्हणून तो राग अधूनमधून भलत्याच माणसांवर निघतो. सुबोध बायबल लिहिणारे, ‘हरित वसई’साठी झटलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले, तेव्हा केवळ ते धर्मगुरू आहेत म्हणून काहींनी विरोध केला. ज्या राजवटीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, तिचा हिशेब त्यांच्याकडे मागण्याला मी अन्यायच म्हणेन. दिब्रिटो आजारी होते, तरी ते संमेलनाला गेले आणि त्यांनी अध्यक्षीय भाषण केले.