1 मे : रिद्धपुरातून पाहताना

दिनविशेषाच्या रकान्यात 1 मे या तारखेला नेहमीच दाटी असते. त्यातल्या काही घटना त्या दिवशी आपसूक घडल्या, काही मुद्दाम त्या दिवशी घडवून आणल्या गेल्या. महाराष्ट्रात दुसऱ्या प्रकारच्याच जास्त.

कामगार दिनाचं मूळही ठरवून निवडलेल्या तारखेतच आहे. 1 मे 1886 पासून कामाचा दिवस आठ तासांचा, असा ठराव अमेरिकेतील कामगार संघटनांनी 1884 मध्येच केला होता. ठरल्या दिवशी संप झाले, 4 मे रोजी शिकागोत रक्त सांडलं, आणि 1889 च्या पॅरिस परिषदेनं ही तारीख जगभर नेली. भारतात 1923 साली मद्रासमध्ये सिंगारवेलू चेट्टियार यांनी हा दिवस प्रथम पाळला.

1 मे 1947. विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. रिद्धपूरला ही गोष्ट जवळची वाटावी, कारण तेराव्या शतकात इथले महानुभाव संत गोविंदप्रभू अस्पृश्यांच्या घरी मोकळेपणानं जात, त्यांच्या हातचं खात. गुरुजींना जे मागण्यासाठी प्राण पणाला लावावे लागले, ते मोर्शी तालुक्यातल्या या गावात सातशे वर्षांपूर्वी एक माणूस रोज करत होता.

मग 1960. 30 एप्रिलच्या मध्यरात्री मुंबईच्या राजभवनात नेहरूंनी कळ दाबली आणि दिव्यांनी महाराष्ट्राचा नकाशा उजळला. त्यामागे संयुक्त महाराष्ट्रासाठी सांडलेलं हुतात्म्यांचं रक्त होतं. वऱ्हाडाची वाट मात्र वेगळी होती. 1853 पर्यंत निजामाचा, नंतर इंग्रजांच्या ताब्यातला, 1903 पासून मध्य प्रांताला जोडलेला, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आलेला हा मुलूख. राज्य पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगानं तर वऱ्हाडासह स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. म्हणूनच 1 मे हा आजही विदर्भवाद्यांचा काळा दिवस असतो. त्यांचं म्हणणं पटो न पटो, या तारखेच्या आढाव्यात ते नोंदवलंच पाहिजे.

पुढे सरकारनं हीच तारीख पुन्हा पुन्हा वापरली. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्यामागच्या समितीचे अध्यक्ष वसंतराव नाईक पुसदचे. 1981 मध्ये जालना आणि सिंधुदुर्ग, 1999 मध्ये हिंगोली आणि गोंदिया हे जिल्हे याच तारखेला झाले. आपला वाशीम अकोल्यातून निघाला तो मात्र 1 जुलै 1998 ला. अमरावती विद्यापीठ 1 मे 1983 चं. 2005 पासून ते संत गाडगेबाबांच्या नावानं ओळखलं जातं. मराठी राजभाषा दिनही 1 मेलाच.

रिद्धपुरात असा तारखांचा हिशेब लागत नाही. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचा अवतारदिन भाद्रपद शुद्ध द्वितीयेचा. 2024 मध्ये तो 5 सप्टेंबरला आला, 2025 मध्ये 25 ऑगस्टला. गावाची खरी आठवण दिवसात नाही, जागेत आहे. गोविंदप्रभू जिथे बसले, उभे राहिले, खेळले, तिथे ओटा बांधलेला आहे. महानुभाव भाविक तिथे कपाळ टेकवतो आणि दुसरा भेटला की ‘दंडवत प्रणाम’ म्हणतो. याच गावात चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्या आठवणी जागवत म्हाइंभटांनी चक्रधरांचं लीळाचरित्र लिहिलं, महदाइसेचे धवळे ही लग्नगीतंही इथलीच. महानुभावांच्या सांकेतिक सकळ लिपीत झाकलेलं हे धन उजेडात आणायला विसावं शतक उजाडलं. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, नरवेलचे वि. भि. कोलते यांनी त्यासाठी आयुष्यातली वर्षं दिली, आणि कोलत्यांचं लीळाचरित्र 1978 मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळानं काढलं.

मराठी भाषेचं राज्य 1 मे 1960 ला झालं आणि तिच्या आद्य गद्यग्रंथाच्या, लीळाचरित्राच्या गावात मराठी विद्यापीठ उभारायची घोषणा अर्थसंकल्पात आली ती 2023 मध्ये. त्रेसष्ट वर्षं! मला हा उशीर बोचतो. विद्यापीठाचा आराखडा सदानंद मोरे यांच्या समितीनं केला, पहिले कुलगुरू अविनाश आवलगावकर झाले. आता सकळ लिपीतल्या पोथ्या सरसर वाचणारी तरुण मुलं इथून बाहेर पडायला हवीत.