वास न येणाऱ्या चिलटांच्या शोधात

द्राक्षांचा हंगाम भरात आला की नाशिकमध्ये घरातल्या फळांच्या टोपलीवर, बाजारातल्या क्रेटवर आणि वायनरीच्या आवारात एक पाहुणा न बोलावता हजर होतो. तांबड्या डोळ्यांचे, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचे चिलट. मणी आंबू लागल्याची वर्दी आपल्या आधी त्याला मिळते. शास्त्रज्ञ त्याला ड्रोसोफिला म्हणतात. आपण हात झटकून ते हाकलतो. मुंबईत मात्र एका विद्यार्थिनीने पीएचडीची सारी वर्षे याच चिलटाच्या वास आणि चवीच्या ज्ञानाला दिली. रेणवीय जनुकशास्त्रातला संशोधक कसा घडतो, हे डॉ. वेरॉनिका रॉड्रिग्ज यांच्या वाटचालीतून चांगले कळते.

वेरॉनिका यांचे आईवडील मूळचे गोव्याचे. त्यांचा जन्म १९५३ चा, केनियातला. पदवीचे शिक्षण युगांडातल्या मॅकेरेरे विद्यापीठात सुरू झाले. तिथे तेव्हा इदी अमीनची राजवट होती. पुढे आयर्लंडला जाऊन डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून त्यांनी १९७६ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतर युरोपातच राहणे सोयीचे ठरले असते. त्या १९७७ मध्ये मुंबईला, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे ‘टीआयएफआर’मध्ये आल्या. तिथे डॉ. ओबेद सिद्दिकी होते.

सिद्दिकींची गोष्ट द्राक्ष बागायतदाराच्या लगेच ध्यानात येईल. अलिगडला वनस्पतिशास्त्र शिकून ते दिल्लीत गव्हावर संशोधन करत होते. गारपीट झाली आणि प्रयोगाचे पीकच गेले. मग ते ग्लासगोला ग्विदो पाँतेकोर्वो यांच्याकडे गेले आणि सूक्ष्मजीवांच्या जनुकशास्त्राकडे वळले. होमी भाभांच्या निमंत्रणावरून त्यांनी १९६२ मध्ये टीआयएफआरमध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. जिवाणूंवरच्या कामात नाव झाल्यावर, वयाच्या चाळिशीत, त्यांनी अमेरिकेत सीमोर बेंझर यांच्याबरोबर चिलटांवर काम केले. तापमान वाढताच लुळी पडणारी आणि थंड होताच पुन्हा चालू लागणारी चिलटे त्यांनी अभ्यासली. वेरॉनिका मुंबईत आल्या, तेव्हा वास आणि चव हा विषय गुरूलाही नवाच होता. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न विद्यार्थ्याच्या हाती देणे आणि त्याच्याबरोबर स्वतःही शोधणे, हे चांगल्या मार्गदर्शकाचे लक्षण मानायला हवे.

बिघाडातून रचना कळते

गल्लीत एकाच घराची वीज गेली, की कोणती तार त्या घराची हे वायरमनला कळते. जनुकशास्त्राची रीत तशीच आहे. एक जनुक बिघडवायचे आणि शरीराचे कोणते काम थांबते ते पाहायचे.

चिलटे यासाठी फार सोयीची. मक्याचे पीठ, साखर आणि यीस्टच्या लगद्यावर बाटलीत वाढतात. साधारण १० दिवसांत नवी पिढी तयार होते. गुणसूत्रांच्या जोड्या फक्त ४. त्यांना जनुकांत बदल घडवणारे रसायन खाऊ घालायचे, संकर करायचे आणि पुढच्या पिढ्यांची परीक्षा घ्यायची. परीक्षेसाठी इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी दोन फाटे फुटलेली नळी. एका फाट्यात वास, दुसऱ्यात साधी हवा. चिलटे कुठे जातात ते मोजायचे.

हे सांगायला सोपे आहे. प्रत्यक्षात हजारो चिलटे तपासावी लागतात, तेव्हा कुठे एखादे ‘बिनवासाचे’ वाण हाती लागते. मग खरी कसोटी सुरू होते. हे चिलट वास न आल्यामुळे गेले नाही, की त्याला चालताच येत नाही? दोष एकाच वासापुरता आहे, की सगळ्या वासांचा? तो पुढच्या पिढीत उतरतो का? अशा शंका स्वतःच्याच निकालावर घेत राहणे, हे या शिक्षणाचे मर्म आहे. डॉक्टरही निदान करताना याच क्रमाने एकेक शक्यता बाद करत जातो.

वेरॉनिका आणि सिद्दिकी यांनी आधी ‘एक्स’ गुणसूत्रावर लक्ष ठेवले. नराजवळ हे गुणसूत्र एकच असल्याने त्यावरचा बिघाड झाकायला दुसरी प्रत नसते. रंगांधळेपणा आणि हिमोफिलिया मुलग्यांमध्ये जास्त दिसतात ते याच कारणाने. या मेहनतीतून विशिष्ट वास न ओळखणारी चिलटांची वाणे मिळाली. एखाद्याला कडू बदामासारखा वास असलेले बेन्झाल्डिहाइड कळत नव्हते, इतर वास कळत होते. चवीचेही तसेच. काही वाणांना ठरावीक साखरांची गोडी लागत नव्हती. वेगवेगळ्या वासांसाठी वेगवेगळी जनुके कामाला लागतात, याचा हा भक्कम संकेत होता. १९७८ मध्ये हे काम भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आले. १९८१ मध्ये वेरॉनिका यांची पीएचडी पूर्ण झाली.

पदवीनंतरची उमेदवारी

पीएचडी झाली म्हणजे शिक्षण संपले असे या क्षेत्रात होत नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन नवे तंत्र शिकावे लागते. वेरॉनिका जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत गेल्या. तिथे एरिख बुखनर यांच्याबरोबर त्यांनी वास आल्यावर चिलटाच्या मेंदूचा कोणता भाग जागा होतो, याचा नकाशा काढला. त्यासाठी ग्लुकोजसारखाच एक किरणोत्सारी रेणू वापरला. काम करणारी पेशी तो जास्त ओढून घेते, पण पूर्ण पचवू शकत नाही. तो तिथेच अडकून राहतो आणि जागा दाखवतो. कर्करोगाच्या रुग्णांची पेट स्कॅन तपासणी याच तत्त्वावर चालते.

पुढे १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी उंदरांमध्ये वास टिपणाऱ्या जनुकांचे मोठे कुटुंब शोधले. २००४ चे नोबेल त्यांना मिळाले. चिलटातली अशी जनुके १९९९ मध्ये सापडली. मुंबईत नळ्या आणि बाटल्यांच्या साह्याने विचारलेला प्रश्न योग्य होता, हे तेव्हा पुन्हा स्पष्ट झाले.

याचा रुग्णाला काय उपयोग?

हा प्रश्न रास्त आहे. माणसाच्या आजारांशी निगडित जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांची भावंडे चिलटात आढळतात. शिवाय वास ही किरकोळ गोष्ट नाही, हे कोविडने घराघरांत दाखवून दिले. पार्किन्सनच्या आजारात हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी वासाची जाणीव मंदावू शकते. कॉलमन सिंड्रोम या विकारात मुलाला वास येत नाही आणि वयात येणेही लांबते. कारण वासाच्या मज्जातंतू आणि वयात आणणाऱ्या संप्रेरकाच्या पेशी गर्भात एकाच वाटेने मेंदूकडे जातात. या विकाराचे एक जनुक एक्स गुणसूत्रावरच आहे. १६-१७ वर्षांचा मुलगा वयात येत नसेल, तर त्याला वास येतो का, एवढे विचारल्यानेही निदानाची दिशा मिळते.

वेरॉनिका जर्मनीहून टीआयएफआरमध्ये परतल्या आणि पुढे तिथल्या जीवशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. नंतर बंगळूरुच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात त्यांनी काम केले. स्तनाच्या कर्करोगाशी झुंजतानाही त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांचे निधन झाले.

नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी

बारावीला जीवशास्त्र आवडणाऱ्या मुलापुढे आपल्याकडे ‘नीट’ ही एकच परीक्षा ठेवली जाते. ती हुकली की घरात सुतक. वास्तविक बीएस्सीनंतर ‘जॅम’ परीक्षेतून चांगल्या संस्थांत एमएस्सी करता येते, तर टीआयएफआरसारख्या संस्था बीएस्सीनंतरच एकात्मिक पीएचडीसाठी प्रवेश परीक्षा घेतात. एमएस्सीनंतर ‘नेट’ परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी शिष्यवृत्तीतून विद्यार्थ्यांना दोन महिने प्रत्यक्ष प्रयोगशाळेत काम करता येते. वाट आपल्याला मानवेल का, हे त्यात लवकर कळते.

पालकांनी दोन गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. पहिली, ही वाट लांब आहे. पदवीपासून स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत १०-१२ वर्षे सहज जातात आणि नोकरीची हमी नसते. दुसरी, संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा. प्रवेश घेण्याआधी त्या प्रयोगशाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलावे. पीएचडीला किती वर्षे लागली, चुकलेल्या प्रयोगाबद्दल मोकळेपणी बोलता येते का, मार्गदर्शक भेटतात का, हे नि:संकोच विचारावे.

यंत्रे दर पाच वर्षांनी बदलतात आणि ती चालवायला महिन्याभरात शिकता येते. आपल्याच निकालावर शंका घेणे आणि उत्तर मिळेपर्यंत धीर धरणे शिकायला मात्र वर्षे लागतात. ती वर्षे मुलांना निर्धास्तपणे मिळावीत, ही जबाबदारी घराची आहे आणि सरकारचीही.