घरच्या मैदानावर सांडलेले गुण

भारतीय फुटबॉलचा विषय निघाला की १९५० साल हमखास येतं. आपण विश्वचषकाला पात्र ठरलो होतो, पण अनवाणी खेळायला परवानगी नाकारली म्हणून ब्राझीलला गेलो नाही, ही गोष्ट तीन पिढ्यांनी एकमेकींना सांगितली आहे. ती इतकी मुरली आहे की त्यानंतरच्या पंचाहत्तर वर्षांत पात्रता फेरीत नेमकं काय घडलं, हे विचारायची गरजच कुणाला वाटत नाही. मला ती गरज वाटते. त्या एका गोष्टीने आपल्याला हळहळायला शिकवलं, हिशेब करायला शिकवलं नाही.

आधी १९५० बद्दल. आशियाच्या गटात भारतासोबत ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स होते. तिघांनीही माघार घेतली आणि भारताला पुढे चाल मिळाली. म्हणजे ज्या एकमेव विश्वचषकाचं दार आपल्यासाठी उघडलं, त्यासाठी आपण एकही सामना खेळलो नव्हतो. सोडतीत इटली, स्वीडन आणि पराग्वे यांच्या गटात नाव पडलं. यजमान ब्राझील प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलायला तयार होता. तरीही महासंघाने नकार कळवला, आणि कारणं दिली सरावाला अपुरा वेळ आणि संघनिवडीवरून मतभेद. त्या काळातले कर्णधार शैलेन मन्ना यांनी पुढे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की तेव्हा आपल्याकडे ऑलिंपिक हीच सर्वांत मोठी स्पर्धा मानली जाई आणि विश्वचषकाचं महत्त्व कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. अनवाणी पायांचं कारण तर १९५२ सालीच खोटं पडतं. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणीच उतरले आणि युगोस्लाव्हियाकडून १-१० ने हरले. बूट सक्तीचे झाले ते त्या पराभवानंतर, आपल्याच महासंघाच्या निर्णयाने.

खरी हळहळ वाटावी असा काळ यानंतरचा आहे. १९५१ च्या दिल्लीतल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण, १९५६ साली मेलबर्नला ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, १९६२ साली जकार्तात अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून पुन्हा सुवर्ण. मेलबर्नला यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मूळचा गोव्याचा आणि मुंबईच्या मैदानांवर खेळणारा. हा संघ आशियात कुणालाही भारी होता. पण १९५४ साठीचा भारताचा अर्ज फिफाने स्वीकारला नाही, आणि १९५८ ते १९८२ या सात विश्वचषकांच्या पात्रता फेऱ्यांत भारत एकही सामना खेळला नाही. सर्वोत्तम पिढी हाताशी असताना आपण दाराकडे फिरकलोच नाही. हे नुकसान १९५० पेक्षा कितीतरी मोठं, आणि त्याची गोष्ट कुणी सांगत नाही.

पात्रतेचा पहिला खराखुरा सामना आपण खेळलो तो १९८५ साली. गटात इंडोनेशिया, थायलंड आणि बांगलादेश. प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा परक्या मैदानावर. बांगलादेशला दोन्ही वेळा २-१ ने हरवलं, थायलंडशी दोन्ही सामने बरोबरीत सुटले, इंडोनेशियाशी एक हार आणि एक बरोबरी. विजयाला दोन गुण मिळण्याच्या त्या काळात भारताचे सात झाले, इंडोनेशियाचे नऊ. सहांपैकी फक्त एक सामना हरून संघ बाहेर पडला. त्या वेळी हे अपयश कुणाच्या डोळ्यांत भरलं नसेल, पण पुढे जे वारंवार घडणार होतं ते सगळं या गटात दिसतं: दारुण पराभव नाही, बलाढ्य प्रतिस्पर्धी नाही, फक्त बरोबरीच्या संघांपुढे हातचे निसटलेले गुण.

१९९० साठी नाव देऊन माघार घेतली. नव्वदच्या दशकातल्या दोन मोहिमा पटकन ओलांडता येतील. सोलमध्ये दक्षिण कोरियाने सात गोल चढवले, दोह्यात कतारने सहा. असे आकडे मनाला लागतात, वर्तमानपत्रांत ठळक छापून येतात आणि मग सगळे म्हणतात, आपण कुठे आणि ते कुठे. माझा आक्षेप नेमका या निष्कर्षाला आहे. कोरियाकडून हरल्याने भारत कधीच बाहेर पडला नाही, कारण कोरियाकडून गटातले बाकीचे संघही हरतच होते.

याची साक्ष २००१ सालची आहे. सुखविंदरसिंग प्रशिक्षक, गटात संयुक्त अरब अमिराती, येमेन आणि ब्रुनेई. पुढच्या फेरीत जागा एकच. बंगळुरूत भारताने अमिरातीला १-० ने हरवलं. गोल केला गोव्याच्या ज्यूल्स आल्बेर्तोने. हाच अमिराती संघ १९९० च्या विश्वचषकात खेळलेल्या देशाचा होता. मग त्याच बंगळुरूत येमेनशी १-१. परतीच्या सामन्यात अमिरातीकडून ०-१. सनामध्ये येमेनशी ३-३. ब्रुनेईला दोन्ही सामन्यांत हरवलं. शेवटचा तक्ता असा: अमिराती १२, येमेन ११, भारत ११. एका गुणाने पहिली जागा हुकली.

आता तोंडी हिशेब करून पाहा. एव्हाना विजयाला तीन गुण मिळू लागले होते. बंगळुरूत येमेनविरुद्ध भारताने आणखी एक गोल केला असता तर आपले १३ झाले असते आणि अमिराती मागे राहिली असती. गटातल्या सर्वांत ताकदवान संघाला हरवल्यावर घरच्याच मैदानावर घेतलेली बरोबरी आपल्याला महागात पडली. पात्रता फेरीचं शास्त्र असं आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एखादा अचाट दिवस तुम्हाला तारून नेतो. इथे सहा-आठ सामने, मध्ये महिन्यांची अंतरं, आणि एका गुणाची किंमत वर्षभराने कळते. मोठ्याला हरवण्याचा आनंद तक्त्यात तीनच गुणांचा असतो, आणि ब्रुनेईला हरवण्याचाही तेवढाच.

दुर्दैवाने २००१ ची ती मोहीम आपल्या स्मरणात नाहीच. लोकांना आठवतो तो २००४ सालचा सैतामातला ०-७, जपानविरुद्धचा. त्याच गटाची सुरुवात मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरवरच्या १-० विजयाने झाली होती, रेनेडी सिंगच्या गोलाने. नंतर कोचीत ओमानने पाच गोल केले आणि मोहीम तिथेच संपली. २००७ मध्ये लेबनॉनकडून दोन सामन्यांत मिळून ३-६, २०११ मध्ये अमिरातीकडून २-५. त्या वेळी अल ऐनच्या सामन्यात पूर्वार्धातच देबब्रत रॉय आणि गोलरक्षक सुब्रत पाल या दोघांना लाल कार्ड मिळालं आणि नऊ जणांनिशी उरलेला सामना खेळावा लागला. अशा दिवशी कुणाला दोष द्यायचा?

आशियाई चषकाचं दार थोडं वेगळं. १९६४ साली पश्चिम विभागातल्या इतरांच्या माघारीमुळे आपण तिथे पोहोचलो आणि उपविजेते ठरलो. १९८४ साली पात्रता फेरी खेळून गेलो. त्यानंतर मात्र २०११ उजाडावं लागलं. तेही छोट्या देशांसाठी ठेवलेल्या चॅलेंज चषकाच्या वाटेने. २००८ च्या अंतिम सामन्यात दिल्लीच्या आंबेडकर मैदानावर सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि ताजिकिस्तानला ४-१ ने हरवून भारताने सत्तावीस वर्षांनंतरच्या पुनरागमनाची जागा पक्की केली. त्या विजयाचं मोल मला आजही मोठं वाटतं. तो आपल्याच तोलामोलाच्या संघांमध्ये, घरच्या मैदानावर, निर्णायक सामन्यात मिळवलेला होता. आपल्याला नेमकं जे जमत नव्हतं, ते त्या संध्याकाळी जमलं.

२०१५ ने पुन्हा जमिनीवर आणलं. प्रशांत महासागरातलं गुआम बेट, लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. तिथे भारत १-२ ने हरला आणि गटात तीन गुणांसह तळाला राहिला. तरी आशियाई चषकाचं दार खिडकीएवढं उघडं होतं. लाओसला हरवून आणि मग म्यानमार, किर्गिझस्तान, मकाव यांच्या गटातून वाट काढत संघ २०१९ च्या स्पर्धेत पोहोचला. थायलंडवर ४-१ असा विजय, आणि बहरीनविरुद्ध बरोबरी पुरेशी असताना भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर ०-१.

यानंतरची मोहीम पाहताना एक विरोधाभास छळत राहतो. सप्टेंबर २०१९ मध्ये आशियाई विजेत्या कतारला दोह्यात छेत्रीविना ०-० ने रोखलं, गुरप्रीत सिंग संधूने गोलपोस्टसमोर भिंत उभी केली. देश हरखला. पुढच्या महिन्यात कोलकात्यात, खच्चून भरलेल्या सॉल्ट लेकवर, बांगलादेशशी १-१, तीही गोव्याच्या आदिल खानने अखेरच्या मिनिटांत हेडर मारला म्हणून.

मग आली २०२६ ची पात्रता, आणि सगळं गणित बदललं. विश्वचषक ४८ संघांचा झाला, आशियाच्या थेट जागा चारवरून आठ झाल्या. दुसऱ्या फेरीत नऊ गट, प्रत्येकातले पहिले दोन पुढे, आणि त्यांना २०२७ च्या आशियाई चषकात थेट प्रवेश. भारताच्या गटात कतार, कुवेत, अफगाणिस्तान. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतला त्यांच्याच मैदानावर मनवीर सिंगच्या गोलाने हरवलं. दुसरी जागा हाकेच्या अंतरावर आली.

अफगाणिस्तानला घरचं मैदान नाही. त्यांचा ‘घरचा’ सामना सौदी अरेबियातल्या आभा शहरात झाला, ०-०. मग २६ मार्च २०२४, गुवाहाटी. छेत्रीचा दीडशेवा आंतरराष्ट्रीय सामना, त्याचाच पेनल्टीवरचा गोल, आघाडी. आणि उत्तरार्धात दोन गोल खाऊन १-२. जूनमध्ये कोलकात्यात छेत्रीच्या निरोपाच्या सामन्यात कुवेतशी ०-०. शेवटी दोहा: लालियनझुआला छांगतेने आघाडी मिळवून दिली, आणि ७३ व्या मिनिटाला स्पष्टपणे रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून कतारने बरोबरी साधली. व्हीएआर त्या फेरीत नव्हतं. सामना १-२ ने गेला.

तो गोल अन्याय होता, यात शंका नाही. महासंघाने तक्रार केली ती योग्यच. पण तक्ता पुन्हा पाहायला हवा: कतार पहिला, कुवेत ७, भारत ५, अफगाणिस्तान ५. त्याच वेळी दुसरीकडे कुवेतने अफगाणिस्तानला हरवलं होतं. म्हणजे दोह्यात १-१ झाला असता तरी आपले सहाच झाले असते, आणि आपण बाहेरच असतो. उलट गुवाहाटीत घरच्या प्रेक्षकांसमोर ती आघाडी टिकली असती, तर आठ गुण झाले असते आणि दोह्यातल्या पंचाचा निर्णय आपलं काही बिघडवू शकला नसता. गेलं वर्षभर मी ज्यांच्याशी या विषयावर बोललो, त्यांच्यापैकी बहुतेकांना कतारचा गोल मिनिटासकट आठवतो. गुवाहाटीचा सामना कुणी काढत नाही. १९५० चे अनवाणी पाय आणि २०२४ चा रेषेबाहेरचा चेंडू, दोन्ही गोष्टींत दोष बाहेरच्याचा आहे, म्हणून त्या आपल्याला सोसतात.

अन्याय उझबेकिस्तानवरही झाला होता. २००५ मध्ये बहरीनविरुद्धचा जिंकलेला सामना पंचाच्या चुकीमुळे पुन्हा खेळवला गेला आणि ते परक्या मैदानावरच्या गोलाच्या नियमाने बाहेर पडले. २०१३ मध्ये जॉर्डनकडून पेनल्टी शूटआउटमध्ये ८-९. इतक्या जवळून दोनदा परतल्यावर त्यांनी काय केलं, तर मुलांचे संघ घडवले. १६ वर्षांखालील गटात २०१२ मध्ये आशियाई विजेते, २० वर्षांखालील गटात २०२३ मध्ये, १७ वर्षांखालील गटात २०२५ मध्ये. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिक. जून २०२५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा विश्वचषकाची जागा मिळवली, आणि त्याच दिवशी जॉर्डननेही. आठ जागांची वाट पाहत बसलेला आणि आठ जागांसाठी तयार झालेला, हा फरक इथे दिसतो.

२०२७ च्या आशियाई चषकासाठी आपल्याला अजून एक संधी होती. गटात हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश. कुणीही जपान किंवा इराण नव्हता. छेत्रीला निवृत्तीतून परत बोलावलं, हीच परिस्थितीची कबुली होती. शिलाँगला बांगलादेशशी ०-०. हाँगकाँगमध्ये अखेरच्या क्षणांतल्या पेनल्टीवर ०-१. प्रशिक्षक मानोलो मार्केझ गेले, खालिद जमील आले. व्यावसायिक कराराच्या घोळात देशातली वरिष्ठ लीग सुरूच झाली नव्हती. म्हणजे जो खेळाडू सामन्यांची सवय घेऊन यायला हवा, तो नुसत्या सरावावर आला. सिंगापूरला जाऊन १-१ केला तो रहीम अलीच्या शेवटच्या मिनिटातल्या गोलाने.

आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्डा. छांगतेने चौदाव्या मिनिटाला आघाडी घेऊन दिली. सिंगापूरच्या सोंग उइ-योंगने दोन गोल केले आणि भारत १-२ ने हरून स्पर्धेबाहेर गेला. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही हरवलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्याच दिवशी सिंगापूरने हाँगकाँगला २-१ ने हरवून आशियाई चषक गाठला. याआधी ते फक्त १९८४ साली खेळले होते, तेही यजमान म्हणून, आणि त्या स्पर्धेत त्यांनी भारताला हरवलं होतं. पात्रता फेरी खेळून आत जाण्याची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि त्यासाठी लागलेले तीन गुण त्यांनी मडगावहून नेले.