जुन्या जीपला घरच्या घरी रंग देताना

आमच्या थोरल्या बंधूंकडे एक जुनी जीप आहे. महिंद्रची सीजे-थ्री-बी, उंच बॉनेटची. मूळ नमुना विलीज कंपनीचा, १९५३ सालचा. आतले इंजिन उंच म्हणून बॉनेटही उंच केले, आणि त्यामुळे गाडी दुरूनच ओळखू येते. कराड तालुक्यातल्या आमच्या मळ्यात तिने खताची पोती, दुधाचे कॅन, विहिरीवरची मोटार, लग्नाचे वऱ्हाड असे सगळे वाहिले. इंजिन अजून खणखणीत आहे; पत्रा मात्र जागोजागी फुगलेला. गॅरेजवाल्याने रंगाचा आकडा सांगितला तेव्हा दादा म्हणाले, "एवढ्यात एक म्हैस येईल." मग घरीच रंगवायचे ठरले आणि दिवाळीनंतर मलाही सुट्टी काढून यावे लागले.

पहिला वाद रंगाचा. पुतण्या म्हणाला, "काका, मिलिटरी हिरवाच देऊ. जीपला तोच शोभतो." शोभतो हे खरे, पण तो देता येत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह हिरवा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. लष्कराच्या लिलावातून जीप घेणारे कित्येक जण तोच रंग ठेवून फिरतात आणि नाक्यावर अडले की "आम्हाला माहीत नव्हते" म्हणतात. माहीत करून घ्यावे. गाडीचा रंग नोंदणीतही लिहिलेला असतो. दुसरा रंग द्यायचा तर आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारून अर्ज करावा आणि नोंद बदलून घ्यावी. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला गाडी दाखवावी लागते. त्या वेळी कागदावर एक रंग आणि अंगावर दुसरा निघाला तर हेलपाटे आपल्यालाच.

वहिनींना पांढरा हवा होता. पांढरी गाडी उन्हात कमी तापते, रात्री रस्त्यावर चटकन दिसते. उसाच्या हंगामात बिनदिव्याच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्यांमधून वाट काढताना हे महत्त्वाचे. पण आमच्या काळ्या रानात पांढरी गाडी आठवड्यात चितकबरी होते आणि ती रोज धुणार कोण, यावर घरात एकमत होईना. लाल रंग नवा असताना उठून दिसतो. आपल्या उन्हात तो इतरांपेक्षा लवकर विटतो. काळ्याचा तर विचारच नको, मे महिन्यात बसायच्या फळीवर पापड भाजून निघतील.

शेवटी मी चालकाच्या मागची अवजारपेटी उघडली. जुन्या जीपचा मूळ रंग बघायचा तर अशा जागा शोधाव्यात: पेटीच्या आत, बॅटरीच्या खाली, घड्याळांच्या पाटीमागे. तिथे ऊन आणि ब्रश दोन्ही पोचलेले नसतात. आमच्या पेटीत फिकट राखाडी निघाला. नोंदणीतही तोच होता. धुळीत चांगला, चिखलात बरा, अंधारात दिसणारा. तरी वहिनींनी पत्र्याच्या दोन तुकड्यांवर राखाडी आणि बदामी असे नमुने रंगवून अंगणात टांगले आणि दोन दिवस सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला पाहिले. दुकानातल्या पुस्तकातला रंग आणि अंगणातला रंग यांत फार फरक पडतो. हा पत्रा टांगण्याचा खटाटोप प्रत्येकाने करावा. वहिनींनी राखाडीला मान्यता दिली.

आता गंज. शेतकऱ्याची जीप शहरातल्या जीपपेक्षा लवकर गंजते आणि त्याचे कारण आपल्याच गोदामात आहे. पोटॅश, सुपर फॉस्फेट ही सारी क्षारांची कुळी. पोत्यातून सांडलेले दाणे पाटाच्या सांध्यात बसतात, हवेतला ओलावा ओढतात आणि पत्रा आतून खातात. अशा पत्र्यावर नुसता कागद मारून रंग चढवला तर राहिलेला क्षार रंगाखाली पाणी खेचतो आणि पहिल्याच पावसाळ्यात फोड येतात. म्हणून खरवडण्याच्या आधी गाडी स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुवावी, खालून आणि सांध्यांतून पाणी सोडावे आणि कडक उन्हात पूर्ण वाळू द्यावी. चटईखालची जमीन, पेटीचा तळ, काचेच्या चौकटीचे खालचे कोपरे आणि चासीत साचलेला चिखल या जागा आधी पाहाव्यात. पेचकसाचे टोक दाबले आणि आरपार गेले तर तिथे पुट्टी भरू नये, पत्रा जोडून घ्यावा. या जीपची इंधनाची टाकी चालकाच्या बैठकीखाली असते. वेल्डिंगच्या आधी ती काढून लांब ठेवावी, बॅटरीची तारही सोडावी. टाकी रिकामी आहे एवढ्यावर विसंबू नये; आतली वाफ रिकाम्या टाकीतच जास्त धोक्याची.

खरवडलेल्या रंगाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण नोकरीत एकदा पाहिलेले विसरता येत नाही. एका शेतकऱ्याने जुने लोखंडी फाटक गोठ्याशेजारी खरवडले आणि भुगा तिथेच राहू दिला. दोन वासरांनी तो चाटला. दात खाऊ लागली, गोल गोल फिरू लागली, डोळ्यांनी दिसेनासे झाले. पशुवैद्यांनी शिसाची विषबाधा सांगितली. एक वासरू गेले. जुन्या रंगांत शिसे भरपूर असे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत ते दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि २०१७ पासून लागू झाला. पण तुमच्या जीपवरचा थर त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून गोठ्यापासून आणि मुलांच्या खेळण्यापासून लांब, खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरून, पाणी लावून कोरडी धूळ न उडवता घासावे. तोंडाला चांगला मास्क लावावा, नुसता रुमाल पुरत नाही. भुगा गोळा करून बंद डब्यात ठेवावा. तो उकिरड्यावर किंवा शेतात टाकू नये. मोकळे डबेही गुरांच्या वाटेवर नकोत.

पत्रा उघडा पडला की त्याच दिवशी प्रायमर लावावा. आम्ही चासीला आणि खालच्या बाजूला रेड ऑक्साइड दिला, वर पत्र्याचा प्रायमर, मग खळग्यांत पुट्टी. ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून शेवटी ४०० नंबरचा पाण्यात भिजवून. बोटाने नव्हे, तळहात फिरवून पाहावे. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळहाताला कळतो. चासीवरचा कोरलेला क्रमांक आणि इंजिनचा क्रमांक घासू नये, त्यावर जाड रंगही चढवू नये. तपासणीला तो वाचता आला पाहिजे. आम्ही तिथे व्हॅसलीन लावून कागद चिकटवला. ब्रेकचे रबरी पाइप, ग्रीसचे निपल, रेडिएटरच्या जाळ्या यांनाही रंग लागू देऊ नये.

रंग घेताना नियम एकच: घरी ब्रशने करायचे असेल तर सिंथेटिक इनॅमल आणि टर्पेंटाइन. दोन डब्यांतले मिसळून फवारायचे पीयू रंग चमकदार असतात, पण त्यांच्या हार्डनरचे कण फुप्फुसाला फार वाईट. ते काम बाहेरची हवा पुरवणारा मुखवटा असलेल्या माणसाचे. आणि इनॅमलवर एनसी रंग कधी चढवू नये. हे मी अनुभवाने सांगतो. पुतण्याने दुकानातून चुकून एनसीचा डबा आणला, मीही न वाचता मडगार्डवर मारला. अर्ध्या तासात खालचा इनॅमलचा हात भिजून आंबट सायीसारखा सुरकुतला. ते मडगार्ड पुन्हा पत्र्यापर्यंत घासावे लागले. बीएस्सी होऊन डब्यावरचे अक्षर वाचले नाही, हे दादांनी पुढे चार पाहुण्यांना सांगितले.

इनॅमल एक लिटरमध्ये एका हाताला साधारण दहा चौरस मीटर जातो. जीपची आतली-बाहेरची बाजू धरून दोन हातांना चार लिटर पुरेसा होतो. पातळ दोन हात द्यावेत, जाड एक नको. दोन हातांमध्ये एक अख्खा दिवस जाऊ द्यावा आणि मध्ये ४०० चा कागद हलका फिरवावा. दव वाळल्यावर, दहाच्या सुमारास सुरुवात करून उन्हे कलण्याच्या आत संपवावे. ओल्या रंगावर रात्रीचे दव पडले की चमक जाते. शेजारी पाचट पेटवणार असतील तर त्या दिवशी काम बंद. एक काळा कण चिकटला की तो निघत नाही. रंगाच्या चिंध्यांचा ढीग करून कडब्याजवळ टाकू नये, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवाव्यात.

बॉनेटचा वरचा भाग मात्र आम्ही चमकदार ठेवला नाही. सपाट बॉनेटवरचे ऊन सरळ चालकाच्या डोळ्यांत येते. तिथे त्याच राखाडीचा मंद रंग दिला.

आठव्या दिवशी दादांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले, पण हॉर्न वाजेना आणि डावा दिवा लागेना. आम्ही सगळे तारा शोधत बसलो. वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही स्क्रूच्या खालीसुद्धा रंग लावलाय." खरेच होते. दिव्याची अर्थिंग बॉडीच्या उघड्या पत्र्यातून जाते आणि आम्ही तोच पत्रा नीटनेटका रंगवला होता. चाकूने नाणेभर जागा खरवडली, स्क्रू आवळला, आणि हॉर्न इतका मोठ्याने वाजला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.